दुसऱ्या कपातला चमचा

गेशे उब्बेनला त्या रविवारी एकच गोष्ट बघायची होती: शेवटच्या दोन मिनिटांत इन्स्पेक्टर ब्रोन्स तोंड बंद ठेवतो की नाही. खून कोणी केला आणि का केला, याची तिला काडीची फिकीर नव्हती. खून तिनंच लिहिला होता, आणि मालिकेच्या संपादकानं, डॉक्टर राटयेन्सनं, तो इतक्या वेळा बदलायला लावला होता की शेवटी मेलेल्या माणसालाही आपण का मेलो ते सांगता आलं नसतं.

अकरा वर्षं 'ब्रोन्स' ही मालिका टीव्हीवर चालली होती, अकरा वर्षं ती गेशेनं लिहिली होती, आणि आज तिचा शेवटचा भाग होता. घरी एकटीनं बघायचं धाडस तिला झालं नाही. ती चांगली तासभर आधीच टोमकेच्या बारमध्ये येऊन बसली. एम्डनच्या जुन्या बंदरावरचा हा बार रविवारी संध्याकाळी टीव्हीपुढे गच्च भरायचा. मालिका लागेपर्यंत लोक चहा प्यायचे आणि मग बिअरकडे वळायचे.

"चेहरा बघ स्वतःचा," टोमके तिच्या कपात खडीसाखरेचा खडा टाकत म्हणाली. "दात काढून घ्यायला आल्यासारखी बसलीयस."

"तो बोलला ना, तर मी कोणाचे तरी दात काढीन."

"नाही बोलायचा गं. शूटिंगला तू समोर उभी होतीस म्हणालीस."

"होते की. राटयेन्सनं त्याच्यासाठी निरोपाचं भाषण लिहिलं होतं, पण नाही बोलला. पण नंतर सगळं हॅम्बर्गला राटयेन्सच्या खोलीत गेलं. तयार भाग दाखवा म्हणून फोन करून करून थकले. काय तर म्हणे मशीन बिघडलंय."

टोमकेनं खड्यावर गरम चहा ओतला. खडा तडतडला. मग तिनं कडेनं हलकेच साय सोडली. ढवळलं कोणीच नाही. इथं चहा ढवळणारा माणूस बाहेरगावचा, हे शेंबडं पोरही सांगेल.

"आणि त्या पुतणीचं काय?" टोमकेनं विचारलं. 'ब्रोन्स' संपल्यावर ब्रोन्सच्या पुतणीची मालिका काढायची टूम राटयेन्सच्या डोक्यातून निघाली होती, आणि तीही गेशेनंच लिहावी म्हणून तो मागे लागला होता.

"सांगितलंय त्याला, आजचा शेवट बघून कळवते. माझा शेवट राहिला असेल तर लिहीन. नसेल तर पुतणी गेली खड्ड्यात."

आता या शेवटाचं एवढं काय होतं, ते सांगायला हवं. पहिल्याच वर्षी ब्रोन्सचा जोडीदार हार्म्स गोळी लागून मेला. दुसऱ्या दिवशी ब्रोन्स ऑफिसात आला, त्यानं दोन कपांत चहा ओतला. एक स्वतःला, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. झालं, एवढंच. कोणी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. पुढच्या प्रत्येक भागात तो दुसरा कप भरला जायचा आणि गार व्हायचा. चोर पकडणारे इन्स्पेक्टर टीव्हीवर पैशाला पासरी आहेत. मेलेल्या मित्राला चहा ओतणारा आणि त्याबद्दल अवाक्षर न काढणारा हा एकच होता. त्या कपावर मालिका उभी राहिली. लोक खुनी विसरायचे, कप विसरायचे नाहीत.

सुरुवातीची चार वर्षं सुखाची गेली. मग चॅनेलनं डॉक्टर राटयेन्सला संपादक म्हणून आणून बसवलं. साहित्यातला डॉक्टर! रेशमी मफलर, मऊ आवाज, आणि दर पानावर एकच शेरा: 'हे कळेल का?' त्याचं म्हणणं असं, की प्रेक्षक एकीकडे भांडी घासत असतो. त्याला टीव्हीकडे बघायला वेळ कुठला? तेव्हा जे दिसतं तेही बोलून दाखवा.

झालं. माणसं दार उघडताना "मी दार उघडतोय" म्हणायला लागली. एक पोलीस दुसऱ्याला सांगायचा, "तुला माहीतच आहे की तुझी बायको तुला सोडून गेली." अरे, ज्याची गेली त्याला माहीत नसेल तर कोणाला असणार! रडणारी बाई आधी "मला रडू येतंय" असं जाहीर करायची आणि मग रडायची. गेशे खोडायची, राटयेन्स पुन्हा घालायचा. भांडून भांडून तिनं एकच गोष्ट वाचवली होती, तो दुसरा कप. त्याला कोणी बोट लावायचं नाही. बाकी सगळ्या मालिकेचा राटयेन्सनं पार चोथा केला होता, आणि नाव मात्र खाली गेशे उब्बेनचं यायचं.

बारमधल्या लोकांनाही ते कळत होतं. सातव्या-आठव्या वर्षापासून पात्रानं तोंड उघडायच्या आधीच बारमधलं कोणीतरी त्याचं वाक्य म्हणून मोकळं व्हायचं. "काल रात्री तुम्ही कुठे होता?" हे तर सगळा बार एका सुरात म्हणायचा. शेवटी टोमके वैतागली. तिच्या काउंटरवर जुन्या बोटीची पितळी घंटा टांगलेली होती. बंदरावरचा रिवाजच आहे, जो घंटा वाजवेल त्यानं सगळ्या बारला दारू पाजायची. टोमकेनं त्यात आपला कायदा घातला: भाग चालू असताना जो बोलेल, त्याच्या नावानं घंटा ती वाजवणार. तेव्हापासून बारमध्ये शांतता होती, आणि ती मालिकेपेक्षा घंटेमुळेच जास्त होती.

राटयेन्स स्वतः एम्डनला एकदाच आला होता, याच बारमध्ये. त्याची आठवण काढून लोक अजून हसायचे. इथं कप रिकामा झाला की यजमानीण तो पुन्हा भरते, न विचारता. पुरे झालं असेल तर चमचा कपात ठेवायचा. तोंडानं नको म्हणायचं काही कारण नाही, चमचा ठेवला की सगळ्यांना कळतं. राटयेन्सचा चमचा बशीत. सभ्य माणूस, कप भरला की प्यायचा. टोमके भरतेय, हा पितोय. त्याला घाम फुटला, तो खुर्चीत चुळबुळ करायला लागला, तरी चमचा बशीतच. भोवती बसलेल्या कोणी एका शब्दानं त्याला सांगितलं नाही. गेशेनंही नाही. ज्याला विचारायचं सुचत नाही त्याला सांगायचं कशाला, असा तिचा खाक्या. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "तुमच्याकडचे लोक फारच आग्रही आहेत हो, उब्बेनबाई."

मालिका लागायला थोडाच वेळ उरला असताना दार उघडलं आणि सगळ्या बारनं टाळ्या वाजवल्या. खुद्द फोल्कर्ट हासे आला होता. अकरा वर्षं ब्रोन्स झालेला नट. मूळचा कलोनचा, राहायला हॅम्बर्गला, पण शेवटचा भाग 'आपल्या माणसांत' बघायचा म्हणून आला, असं त्यानं दारातूनच जाहीर केलं. तो सरळ गेशेच्या टेबलाशी आला आणि तिला मिठी मारली.

"घाबरलीस की काय? मी शब्द दिला होता ना तुला? कॅमेऱ्यासमोर तोंड उघडणार नाही म्हणून?"

"दिला होतास."

"मग? पाळला की नाही?"

"पाळलास," गेशे म्हणाली. माणूस इतका खुशीत का आहे, हे तिला कळेना.

टोमकेनं त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यानं चमचा उचलला आणि कपात घालून खळखळ ढवळलं. शेजारच्या टेबलावर एडो बसला होता, गाळ काढायच्या बोटीवर जन्म घालवलेला म्हातारा. त्यानं ते पाहिलं आणि मान फिरवली.

"अकरा वर्षं टीव्हीवर चहा ओततोय गडी," तो पुटपुटला, "आणि अजून ढवळतोच आहे."

मालिकेचं संगीत वाजलं तसे दिवे मंद झाले. गेशेनं मांडीवर हात घट्ट धरून ठेवले. पहिल्या प्रसंगात धक्क्यावर प्रेत सापडलं आणि पोलिसांचा डॉक्टर म्हणाला, "हा माणूस मेलेला आहे." बारमध्ये कोणीतरी नाकातून हसलं. टोमकेनं घंटेच्या दोरीकडे हात नेला, मग सोडून दिलं, कारण हसणं म्हणजे बोलणं नव्हे. पुढे संशयित आले, प्रत्येकानं आपण संशयित का आहोत ते स्वतःच समजावून सांगितलं. खुनी बाईनं पकडली गेल्यावर आपलं बालपण सांगायला घेतलं. गेशेला लाजेनं कानकोंडं झालं. ही बाई तिनं लिहिली होती तेव्हा फक्त हातमोजे काढून टेबलावर ठेवायची. बालपण राटयेन्सचं होतं. 'हे कळेल का?' नाही कळलं तर नाही कळलं, मेल्या, लोकांना थोडं डोकं आहे!

आणि मग शेवट आला.

ऑफिस रिकामं होतं. ब्रोन्सनं किटली उचलली. दोन कपांत खडे टाकले, चहा ओतला, आणि खडे तडतडले. गेशेनं लिहिलेला आवाज तेवढाच होता, आणि तो होता. त्याच्याखाली संगीत नव्हतं. ब्रोन्स आपला कप प्यायला, सावकाश. मग त्यानं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, हात लांब केला, हार्म्सच्या बशीतला चमचा उचलला आणि हार्म्सच्या कपात ठेवला.

एडोचा पेला तोंडाशी नेता नेता अर्ध्यावर थांबला. मागे कोणा बाईनं खोल श्वास घेतला. अकरा वर्षं हा माणूस मेलेल्याचा कप भरत होता, आणि आज त्यानं मेलेल्याच्या वतीनं सांगितलं होतं: पुरे. यापुढे नको. इथल्या एकाही माणसाला ते समजावून सांगायची गरज नव्हती. गेशेचे डोळे भरून आले. राहिला, तिच्या मनात आलं, माझा शेवट राहिला.

ब्रोन्स कोट चढवून दाराकडे वळला. त्याचे ओठ मिटलेलेच होते. आणि पडद्याबाहेरून, स्टुडिओत बसून रेकॉर्ड केलेला फोल्कर्टचा जाड, मधाळ आवाज आला:

"हार्म्स, मित्रा. घे, ढवळ. तळाशी गोडवा आहे अजून. मी चाललो, पण तुझा कप कधी रिकामा राहायचा नाही. पी, मित्रा. अजून पी."

क्षणभर बारमध्ये कोणाला काही उमगेना.

"अजून पी?" एडो ओरडला. "अरे, आत्ताच चमचा ठेवला ना त्यानं!"

टण टण टण! टोमकेनं घंटा बडवली.

"हो, हो, माझ्या नावावर," एडो म्हणाला, "पाजतो सगळ्यांना. पण हा काय गाढवपणा आहे!"

"तुझ्या नावावर नाही." टोमकेनं दोरी सोडली नव्हती. तिनं दुसऱ्या हातानं सरळ फोल्कर्टकडे बोट दाखवलं. "याच्या. भाग चालू असताना पहिल्यांदा कोण बोललं? हाच बोलला."

बार असा काही हसला की शेवटची नावं कोणी पाहिलीच नाहीत. गेशेनं पाहिली. 'लेखन: गेशे उब्बेन.' एकटीचं.

फोल्कर्ट लालबुंद झाला होता. "मी शब्द पाळलाय! कॅमेऱ्यासमोर मी एक अक्षर बोललो नाही. हे नंतर स्टुडिओत झालं, डॉक्टरसाहेबांनी कागद दिला, मी वाचला. शब्द कॅमेऱ्याचा होता."

"कागद वाचलास," गेशे म्हणाली. "आणि त्यात काय लिहिलंय ते?"

"चांगलं लिहिलंय की! हृदयस्पर्शी आहे. चमचा ठेवला, म्हणजे ढवळ, गोड कर."

"फोल्कर्ट, अकरा वर्षं तू इथल्या माणसाचं सोंग घेऊन पोट भरलंस. एकदा कोणाला विचारावंसं वाटलं नाही का रे, की हे लोक चमच्याचं काय करतात?"

"मी नट आहे, गेशे. मला जे देतात ते मी बोलतो."

"ते दिसलंच. पोपटालाही देतात."

तो उठला, टोमकेपुढे नोटा ठेवल्या आणि मफलर गुंडाळत बाहेर पडला. त्याचाही मफलर रेशमीच होता. त्यानं ढवळलेला चहा तसाच राहिला.

टोमके येऊन गेशेजवळ बसली. किटली टेबलावर ठेवत म्हणाली, "एक विचारू? सांगायचंस ना गं त्या राटयेन्सला. चमचा म्हणजे काय ते."

"मी लिहिलं होतं: हार्म्सचा चमचा हार्म्सच्या कपात ठेवतो. कळलं नाही तर विचारायला तोंड नव्हतं त्याला? हे कळेल का, हे कळेल का, म्हणून सात वर्षं माझं डोकं खाल्लं. आणि जिथं स्वतःला कळलं नाही तिथं मात्र गप्प! तिथं स्वतःच्या मनानं घातलंन."

"तेच म्हणतेय. तूही गप्प."

टोमकेचं खरं होतं. खरं असलं म्हणून राग कमी होत नव्हता, उलट वाढत होता. एक ओळ सांगायचा आपल्याला कंटाळा आला, तिरस्कार वाटला, आणि त्या फटीतून तो माणूस आत शिरला. देशभरातल्या लोकांनी ब्रोन्सला आज मेलेल्या मित्राला अजून चहा पाजताना ऐकलं होतं. आता कितीही डोकं आपटलं तरी ते परत घेता येणार नव्हतं. तिला रडू आलं, आणि "मला रडू येतंय" असं तिनं कोणाला सांगितलं नाही.

फोन वाजला. पडद्यावर नाव राटयेन्सचं. बारमधल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून तिनं स्पीकर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. टोमकेनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"उब्बेनबाई! बघितलंत ना? अहो, मी रडलो. घरी एकटा बसून रडलो!"

गेशेनं रिकाम्या कपाची बशी जवळ ओढली.

"रागावला असाल, मला कल्पना आहे. पण ते निरोपाचं भाषण मी काढून टाकलं की नाही? तुमचं सगळं ठेवलं. फक्त तो चमचा... तुम्ही नुसतं लिहून ठेवलं होतंत, ठेवतो म्हणून. दोन आठवडे मी विचार करत होतो, या बाईंना म्हणायचंय काय? आणि एकदम उमगलं हो! तो त्याला ढवळायला सांगतोय! केवढी माया आहे त्यात! मग वाटलं, हे भांडी घासणाऱ्या माणसालाही कळायला हवं."

मागच्या टेबलावर कोणीतरी तोंडात रुमाल कोंबला. टोमकेनं सवयीनं किटली उचलली आणि गेशेचा रिकामा कप पुन्हा भरायला हात पुढे केला.

"आता पुतणीचं बोलू," राटयेन्सचा मऊ आवाज सुरूच होता. "आज शेवट बघून सांगते म्हणाला होतात. या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचा मनातला आवाज ऐकू येईल, प्रत्येक प्रसंगात. लिहिणार ना? उब्बेनबाई? ऐकताय ना?"

गेशेनं बशीतला चमचा उचलला आणि कपात ठेवला. टोमकेनं किटली मागे घेतली.

"हॅलो? उब्बेनबाई? काहीतरी बोला की."

एडो टेबलावरून वाकला आणि फोनशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाईंनी चमचा कपात ठेवलाय."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"अहाहा!" राटयेन्स म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. "कळलं. कळलं हो मला. आणखी काही बोलू नका. मग पुतणी पक्की! उद्याच सगळ्यांना सांगतो." आणि त्यानं फोन ठेवला.

बारमध्ये हसण्याचा असा गदारोळ उठला की घंटा आपोआप हलायला लागली. एडोनं डोळे पुसत फोन उचलला. "थांब, परत लावतो. सांगतो त्या शहाण्याला."

"काही नको," गेशे कोट घालत म्हणाली. "भांडी घासता घासता कळेल त्याला कधीतरी."